फ्रीजरमधला कावा

सकाळीच तिनं फ्रीजर रिकामा केला.
अर्धा ससा आणि वाटाण्याच्या दोन पिशव्या
शेजारच्या गौदेन्सीकडे पाहुण्या गेल्या,
परवापर्यंत.
मग कप्पा पुसला, दार पायानं ढकललं
आणि जर्दाळूंकडे वळली रेमेई.

आज तेवीस जून, सांत जोआनची रात्र.
चौकात लाकडं रचून झालीत,
वर कुणाची तरी तीन पायांची खुर्ची बसलीय
सरपंचासारखी.
माणसं येणार पंचवीस, नाही म्हणता तीस.
आइसकांडीचे साचे सोळा.
उरलेल्यांना दह्याचे रिकामे कप.

चेरीच्या बिया केसातल्या पिनेनं काढायच्या.
हात कोपरापर्यंत लाल,
पोस्टमन दारात येऊन क्षणभर दचकला.
चपटे पीच सालीसकट कुस्करायचे.
साखर, लिंबू, आणि मग वाइन:
तीन वाट्या रसाला एक वाटी, जास्त नाही.
दारू गोठायला कुरकुरते
हे तिला कुणी शिकवायला नको.
एकतीस वर्षं तळघरात काढली तिनं,
फळीच्या भोकांत मान खाली घालून बसलेल्या बाटल्या
रोज एक अष्टमांश वळवत,
दोन्ही हातांनी, अंधारात,
गाळ बुचाशी उतरेपर्यंत.
अजून झोपेत तिचं मनगट वळतं.
एउदाल्द म्हणायचा,
माझा कान सोड, माझा गाळ कधीच उतरलाय.

एउदाल्द फेब्रुवारीत गेला.
जिन्याखाली त्याची एक बाटली राहिली,
खडूची आडवी रेघ मारलेली.
कशासाठी, ते सांगायचं राहून गेलं.

फसफसत्या वाइनला तिकडे कावा म्हणतात.
आपल्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ वेगळा,
पण रेमेईला कळला असता तर म्हणाली असती,
मग चूक कुठंय?
बूच हलकेच सुटलं, उसासा टाकावा तसं.
मोजायची वाटी हातात होतीच.
पहिली वाटी नीट, दुसरी काठोकाठ,
तिसऱ्यांदा वाटी बाजूला राहिली
आणि हात सैल सुटला.
फेस उतू आला ओट्यावर,
तो तिनं बोटानं पुसून चाटला.

पोरांच्या चार वेगळ्या, नुसत्या रसाच्या,
काडीला लाल दोरा.

दर तासाला ती दार उघडून बघे
आणि प्रत्येक साचा, नकळत, जरासा वळवी.
अहो, गारवा निघून जातो, सून म्हणाली.
सुनेचं नाव नेउस, म्हणजे हिम.
तिच्यानंही काही झालं नाही.

रात्री दहाला होळी पेटली.
खुर्ची आधी एका बाजूला झुकली, मग धूर.
गल्लीबोळांतून फटाके, कुत्री पलंगाखाली.
रेमेईनं परात आणली, पहिली काडी ओढली,
काडी आली, नुसतीच.
दुसरी, तीच गत.
लाल दोऱ्याच्या चार तेवढ्या ताठ,
बाकी सगळा केशरी चिखल, डुचमळणारा.

कुणी हसलं. कुणी चमचे आणले.
पाइनच्या बियांची पोळी त्यात बुडवून
तिसांनी खाल्ली, कपांची बुडं खरवडून.
गौदेन्सी म्हणाला,
हा तोच. फ्रीजरमध्ये कोंडला तरी
एका जागी बसायचा नाही.
नातू बिएल आपली कांडी चोखत विचारत होता,
माझ्यात बुडबुडे का नाहीत? तुझ्यातले कुठे गेले?
तिनं काही सांगितलं नाही.
ते नुकतेच तिच्या नाकात चढले होते.

सकाळी सहा. केसांत राख.
बर्फाच्या ट्रेमागे एक कप विसरलेला सापडला,
दगडासारखा.
तिनं तो नळाखाली धरला,
मनगटानं एक अष्टमांश वळवला,
आणि तो आपसूक सुटून हातात आला,
मधोमध पीचची एक चकती, तिरकी.

पहिला घास दातांना झोंबतोय
तोच दारावर थाप.
गौदेन्सी, काखेत ससा.
परवा म्हणाली होतीस, पण माझ्याकडे जागा नाही गं.
तोंडात कांडी होती.
रेमेईनं नुसतं दार पायानं उघडून धरलं.